आठ किलोंचं प्रस्थान

हर्षाच्या आईनं शनिवारचं तिकीट काढलं आणि भूपेंद्रकाकांच्या पंचांगाला काम मिळालं.

काका सेलूहून मोटारसायकलवर आले. चहा घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले की शनिवारी पूर्वेला दिशाशूळ असतो, त्या दिवशी त्या दिशेला निघू नये. केळझरहून नागपूर पूर्वेकडे, आणि त्याच्यापुढे आई जिथे जिथे जाणार होती ते सगळंच पूर्वेकडे. जायचंच असेल तर वहिनींनी पुढच्या वर्षी सावकाश ठरवावं, असा त्यांचा सूर होता. पंचांग हे निमित्त होतं. एकोणसाठ वर्षांची वहिनी पाठीवर बॅग टाकून एकटी जगाला फेरी मारायला निघते, हेच मुळात त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. कप उचलता उचलता म्हणाली, "बरं भाऊजी. बुधवार तर चांगला हाये ना? मंग बुधवारी प्रस्थान ठेवतो."

काकांनी पंचांग मिटलं. मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर आपल्या सामानातलं काही त्या दिवशी प्रवासाच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग पाच दिवसांच्या आत तिथूनच सामान उचलून पुढे जायचं. ठेवलेली वस्तू परत आपल्या घरात आणायची नाही. ही रीत घरात काकांनीच पाळायला लावलेली. त्यांनी घातलेल्या अडसरातून त्यांच्याच रीतीनं आईनं वाट काढली होती. हर्षाला हसू आलं. बाबांना जाऊन बावीस महिने झाले होते. या घरात बसून ती हसली, असं त्यानंतर पहिल्यांदाच झालं.

बाबांचं, म्हणजे मोतीलालशेठचं, केळझरला डाळ-दाण्याचं दुकान. आई चौतीस वर्षं त्या दुकानात बसली. बारावीपर्यंत शिकलेली, आणि हाताशी वाचायला काही नसलं की पोत्यांवरची अक्षरं वाचायची. मसूर कॅनडाहून यायची, वाटाणा रशियाहून, काही वर्षी हरभरासुद्धा ऑस्ट्रेलियाचा. तूर मोझांबिकची. शेतकऱ्यांच्या गावात, शेजारच्या शिवारात तूर उभी असताना, समुद्रापलीकडची तूर आपण मापून देतो याचं तिला नवल वाटायचं. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर तिनं हर्षाला सांगितलं, "हे सारं कोन पेरते, मले पाह्याचं हाये." हर्षाला वाटलं, दुःखात माणूस काहीबाही बोलतो. आई दुःखात होतीच, पण बोलत होती ते विचार करून.

मार्ग तिनं स्वतः आखला. नागपूरहून व्हिएतनाम, तिथून ऑस्ट्रेलिया, महासागर ओलांडून कॅनडा, मग ब्राझील, मग मोझांबिक. सतत पूर्वेकडे जात राहायचं आणि नऊ महिन्यांनी पश्चिमेकडून घरी यायचं. दुकान भाड्यानं दिलं. कॅनडानं व्हिसा एकदा नाकारला. तिनं कारण नीट वाचलं, कागद पुन्हा लावले, दुसऱ्यांदा मिळाला. रोज सकाळी फोनवर अर्धा तास इंग्रजी शिकली. हर्षा वर्ध्याला ग्रंथालयात नोकरी करायची. तिथून तिनं आणलेली प्रवासवर्णनं आईनं चाळली आणि परत दिली. म्हणाली, या लोकांना मोठमोठे डोंगर दिसतात, बाजार कुठे भरतो ते कोणी लिहीत नाही.

आणि ती चालायला लागली. पाठीवरच्या पिशवीत तूरडाळ भरून रोज गणपतीच्या टेकडीवर चढायची. आधी तीन किलो, मग पाच, मग आठ. देवळातले लोक आधी नैवेद्याची डाळ समजले.

हर्षानं अडवलं नाही. अडवायला तिच्याकडे कारण नव्हतं, भीती होती. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा ती ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं फडताळात लावत होती. केळझरला पोचली तोवर सगळं आटोपलेलं होतं. तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की तिचा हात थांबायचा. आई नऊ महिने दूर म्हणजे नऊ महिने तो फोन हाताशी घेऊन जगायचं. हे ती आईला बोलली नाही. तिनं एक शर्त घातली, आणि ती तिला फार समंजस वाटली. निघायच्या दिवशी आईनं आपली बॅग आपणच उचलायची आणि हायवेवरच्या स्टँडपर्यंत एकटीनं न्यायची. कोणी हात लावायचा नाही. जमलं तर जावं. नाही जमलं तर तिकीट रद्द, आणि दोघींनी कुठल्याशा सहलीबरोबर पंधरा दिवस जाऊन यावं.

"ठरलं," आई म्हणाली. ती डाळवाली होती. वजनावरचा सौदा तिला पटला.

बुधवारी तिनं बॅग भरली. दोन जोड कपडे, एक शाल, औषधं, चार्जर, एक वही. बाबांच्या वस्तूंतलं काहीच घेतलं नाही. हर्षानं विचारलं तेव्हा म्हणाली, त्यांना प्रवासात उलटी व्हायची, राहू दे त्यांना घरी. दुकानातल्या काट्यावर बॅग बरोबर आठ किलो भरली. मग आईनं बॅगेला हळदकुंकू लावलं आणि गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला, मनकर्णाबाईंच्या घरी नेऊन देवापाशी ठेवली. प्रवास सुरू झाला होता. आई तेवढी तीन दिवस घरात होती.

शनिवारी सकाळी सातला दोघी मनकर्णाबाईंच्या ओट्यावर आल्या. अख्खी गल्ली आधीच हजर होती, काकासुद्धा. मनकर्णाबाईंनी आणि त्यांच्या सुनेनं दोघींनी मिळून बॅग बाहेर आणली. आईनं पट्ट्यात हात घातला, वीतभर उचलली, आणि खाली ठेवली.

"हे माही बॅग नोये," ती म्हणाली. "पाच किलो जास्ती हाये."

मनकर्णाबाई पदराशी चाळा करू लागल्या. थोड्या वेळानं सगळं बाहेर आलं. प्रस्थान देवापाशी आहे म्हटल्यावर तीन दिवस माणसं येत राहिली होती. परमुलखात बाई काय खाईल, म्हणून कमलानं जवसाची चटणी ठेवली. आनंदाबाईंनी कुरडया, कोणी मूगवड्या, कोणी लिंबाचं लोणचं, तेही काचेच्या बरणीत. रूपरावांनी जुन्या मोठ्या सेलची बॅटरी दिली होती. एकानं ठेवलं ते दुसऱ्याला कळलं नाही, आणि मनकर्णाबाईंना कुणाला नाही म्हणवेना.

"आता जे हाये ते हाये," काका म्हणाले. "प्रस्थानातून काही काढलं तर प्रस्थान मोडते. अन् घरी तर नेताच येत नाई."

आईनं हर्षाकडे पाहिलं. "शर्त तशीच हाये ना?"

गल्लीतून हायवे एक किलोमीटर. तेरा किलो घेऊन आई शाळेपर्यंत जाईल, फार तर ग्रामपंचायतीपर्यंत. मग तिला टेकावं लागेल, आणि हर्षाला काही बोलावं लागणार नाही. गल्लीनं प्रेमानंच आईला थांबवलेलं असेल. कुणालाच दोष नसेल, हर्षाला तर नाहीच. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. ती बॅगेकडे पाहत राहिली. बॅगेच्या शिवणी फुगल्या होत्या. आई काही मागत नव्हती, नुसती उत्तराची वाट पाहत होती, आणि उत्तर 'हो' आलं असतं तर तिनं तेरा किलो उचलून चालायला सुरुवात केली असती, हे हर्षाला दिसत होतं.

"शर्त तशीच हाये," हर्षा म्हणाली. "पण काका, आईनं बुधवारी ठेवलं ते प्रस्थान. आठ किलो, मी स्वतः मोजलं. नंतर लोकांनी टाकलं ते प्रस्थान नाई, ती शिदोरी हाये. शिदोरीतून काढलं तर काय मोडते?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "तसं पाह्यलं तर काही नाई मोडत," ते म्हणाले.

आई ओट्यावर मांडी घालून बसली आणि बॅग उघडली. एकेक पुडकं काढलं, ज्याचं त्याला दाखवलं. पोत्यात हात घालून मूठभर माल गिऱ्हाइकाला दाखवतात, तिला दुकानात वानगी म्हणतात; आईनं सगळ्यांची वानगी घेतली, उरलेलं ज्याचं त्याला परत केलं. एक कुरडई, चार मूगवड्या, कागदात चिमूटभर चटणी. लोणच्याची एक फोड तिनं तिथंच खाल्ली. "तिकडच्या लोकांले दाखवीन," म्हणाली, "का आमच्या गल्लीत असं बनते." कोणी रागावलं नाही. आनंदाबाईंनी तर सगळ्यांत गोल कुरडई निवडून दिली. रूपरावांची बॅटरी मात्र रूपरावांकडे गेली. त्यांना ती रात्री शेतावर लागतेच, असं आईनंच त्यांच्या वतीनं सांगून टाकलं.

अगदी तळाशी लोखंडी साखळी निघाली, कुलूप लावलेली. रेल्वेत सामान बाकाला बांधतात तसली, दीड किलोची. काकांनी खाली पाहत सांगितलं की परदेशात सामान चोरतात असं ऐकलं.

"तुम्ही तर जाऊ नोका म्हनत होते, भाऊजी."

"म्हनत होतोच," काका म्हणाले. "पण गेल्या तर बॅग तरी शाबूत पाह्यजे."

आईनं साखळी त्यांच्या हातात दिली, कुलपाची चावी तेवढी काढून घेतली आणि वहीच्या पानात ठेवली. त्यांची वानगी. काकांनी दुसरीकडे तोंड वळवलं.

बॅग पुन्हा आठाच्या आसपास आली. आई उठली, एक गुडघा टेकून तिनं पट्टे खांद्यावर घेतले, आणि कोणाचा हात न धरता उभी राहिली. तिच्यामागे हर्षा, तिच्यामागे गल्ली. हर्षाचे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं तिला कळत नव्हतं. शाळेपाशी आईनं खांदे सरकवले. ग्रामपंचायतीच्या पुढे चढावर ती थांबली, एका हातानं विजेच्या खांबाला धरलं, दोन श्वास घेतले. हर्षाचा हात पुढे गेला होता. तो तिनं मागे घेतला. आईनं वळून पाहिलं नाही. पुन्हा चालू लागली, आधीपेक्षा जरा हळू, पण पाय न ओढता.

स्टँडवर नागपूरची एसटी यायला वेळ लागला नाही. दार उघडलं, कंडक्टरनं पाठीवरची भरलेली बॅग आणि पांढरे केस पाहिले आणि सवयीनं खाली वाकून हात पुढे केला. "द्या मावशी, इकडं द्या."

"नका घेऊ," हर्षा म्हणाली. "ती चढवते."

आई चढली. पायरीवर बॅग एकदा दांडीला अडकली, तिनं अंग तिरकं केलं आणि आत गेली. खिडकीत बसल्यावर हर्षाकडे पाहून म्हणाली, "पोचली का फोन करीन. नाई केला तर समजजो, मी कामात हाये." गाडी हलली. गल्लीतल्या बायकांनी हात हलवले. काका साखळी हातात घेऊन उभे होते.

स्टँडवरच्या चहावाल्यानं कप विसळता विसळता विचारलं की इतकी माणसं सोडायला आली, बाई कोण होत्या, निघाल्या कुठे.

"माझी आई," हर्षा म्हणाली. "जगाला फेरी मारायला निघाली. एकटी."

चहावाल्याला ऐकू गेलं होतं. तरी हर्षानं ते पुन्हा एकदा सांगितलं.