कागदासकट तिकीट

गंगाधरराव मुळातच भित्रे. झुरळ दिसलं तर आधी चष्मा शोधायचे. तोवर झुरळ आपलं आपण निघून जायचं. अशा माणसाला दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी पार्सलांची तिकिटं जमवायचा नाद, याचं मुगभाटातल्या अख्ख्या चाळीला हसू यायचं.

घरून आघाडीवर पार्सल धाडायला जर्मनांचं वेगळं तिकीट असे. तपकिरी, वर गरुड, किंमत छापलेली नाही. काहींच्या कडेला गोल भोकांचे दात, काहींना नुसत्या चिरा. दोन्ही प्रकारची गंगाधररावांकडे होती, पण जीव होता तो चिरांच्या एकावर. ते अजून पार्सलाच्या कागदाला चिकटलेलं होतं. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर.

ते त्यांना गोदीतल्या कुशाबानं दिलं होतं. नायगावच्या बीडीडी चाळीतला हा माणूस लढाईत इटलीला होता. तिथं एका ओस खंदकात त्याला न सोडलेलं पार्सल सापडलं.

"आत लोकरीचे मोजे होते, कुणा आईनं विणलेले. घालणारा गेलेला," कुशाबा म्हणाला होता. "कागदापासनं वेगळं करू नका, गंगाधरराव. मग ते कुणी कुणाला धाडलेलं राहत नाही."

छप्पन सालचा जानेवारी होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं होतं, गोळीबारात माणसं मरत होती. गंगाधररावांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. भर दुपारी त्यांची लतिका, आईविना वाढवलेली एकुलती एक पोर, धापा टाकत घरात शिरली. दोन्ही हात मनगटापर्यंत खळीनं माखलेले. ती भिंतींवर पत्रकं चिकटवून आली होती, आणि मागोमाग पोलीस चाळीत चढले होते.

"हात दाखवा," खालून आवाज आला. प्रत्येक बिऱ्हाडात हेच चाललं होतं. लतिका मोरीकडे धावली. गंगाधररावांनी तिला धरलं. कालच्या झडतीत खालच्या माधवनं घाईघाईनं हात धुतले होते. ओले हात बघूनच त्याला ओढत नेलं होतं.

त्यांनी परातीत पाणी ओतलं. भिजवून कागदापासून सोडवायला घरात एकही तिकीट उरलेलं नव्हतं. सगळी केव्हाच सुटून आल्बमात गेली होती. एकच कागदावर होतं. त्यांनी ते उचललं, पाण्यात टाकलं आणि पोरीचे हात धरून परातीत बुडवले.

फौजदार दारात उभा राहिला. "हिचे हात असे का?"

"तिकिटं सोडवतोय, साहेब. जुना डिंक हाताला लागतो."

"बाहेर गोळ्या चालल्यात आणि तुम्ही तिकिटं सोडवताय?"

"भित्रा माणूस आहे, साहेब. बाहेर जाऊन काय करणार?"

फौजदारानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. यात खोटं काहीच दिसत नव्हतं. तरी तो हलेना. "सोडवा बघू."

गंगाधररावांनी चिमट्यानं कागद धरला आणि अंगठ्यानं तिकीट सरकवलं. ते अलगद सुटलं. तिकिटासकट अर्धा शिक्का बोटावर आला, अर्धा कागदावर राहिला. फौजदार हसला आणि पुढच्या खोलीकडे गेला. बूट जिना उतरेपर्यंत बापलेकींनी परातीतून हात काढले नाहीत. मग गंगाधरराव खाली बसले आणि रडले. ते पोर वाचली म्हणून की तिकीट गेलं म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

रस्ते मोकळे झाल्यावर कुशाबा आला. टिपकागदावर वाळत ठेवलेलं तिकीट आणि शेजारचा कागदाचा तुकडा त्यानं पाहिला. गंगाधररावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"पोर कुठंय?" कुशाबानं विचारलं.

"आत आहे."

आतून स्टोव्हचा आवाज येत होता, आणि खळ शिजल्याचा वास. दोघांनाही तो कळला. उद्या परत तेच बूट, तोच जिना, आणि घरात भिजवायला काही नाही.

त्यांनी आल्बम उघडला, जुनी पाकिटं फाडून तुकडे केले.

"लते," ते म्हणाले, "थोडी खळ इकडे दे."

आणि इतक्या वर्षांत हलक्या हातानं सोडवलेली तिकिटं ते एकेक करून पुन्हा कागदाला चिकटवू लागले. कुशाबानं बाही वर केली आणि शेजारी बसला.