थांबायची ओळ

“मॅडम, अकरा ओळींचा तर बदल आहे. सकाळपासून काय बघताय एवढं त्यात?”

साहेब माझ्या टेबलाच्या कोपऱ्याला टेकून उभे होते. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण हुद्द्याने साहेब, म्हणून साहेब.

“अकरा आल्यात आणि एक गेलीये,” मी म्हटलं. “गेली ती बघतेय.”

“अहो, दादांनी पाठवलाय. आता दादांचं लिहिलेलंही तपासायचं म्हणजे…” ते हसले. “तुम्हाला सासूबाई म्हणतात ते उगाच नाही.”

म्हणतात, मला माहीत आहे. आमच्याकडे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचायचा आणि पटला तर खाली ‘तपासला’ असं लिहून आपलं नाव घालायचं, अशी रीत आहे. त्याशिवाय काही पुढे जात नाही. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचं वाचते आहे आणि दर वेळी मला काही ना काही खुसपट सापडतं, म्हणून सासूबाई. मला त्याचं वाईट वाटत नाही. सासू खवट असली तरी दुधावर झाकण ठेवायचं तिच्याच लक्षात असतं.

हा कोड म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा एक छोटासा ड्रायव्हर. काम नसेल तेव्हा प्रोसेसरला हळू चालवायचं, काम आलं की पळवायचं. वीज वाचते, चिप तापत नाही. पळवायचं तर त्याला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी व्होल्टेज वाढवायचं, ते स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मग वेग वाढवायचा. शिडी भिंतीला नीट टेकली की मगच पाय ठेवायचा, इतकं साधं आहे हे. त्यातली थांबायची ओळ दादांनी, आमच्या कचेरीतल्या सगळ्यात जुन्या इंजिनिअरने, काढून टाकली होती. कारण लिहिलं होतं, ‘अनावश्यक विलंब काढला.’

अनावश्यक! अहो, ती ओळ दादांनीच लिहिलेली होती. सोळा वर्षांपूर्वी शंभरातलं एखादं यंत्र चालता चालता गोठायचं आणि का ते कुणाला कळत नव्हतं. दादा आणि मी तीन महिने त्याच्यामागे हात धुऊन लागलो होतो. मी रडकुंडीला यायचे. दादा म्हणायचे, “अगं, यंत्र खोटं बोलत नाही. आपल्यालाच नीट विचारता येत नाही.” शेवटी सापडलं. काही चिप जन्मतःच अशक्त निघतात. त्या तापल्या आणि व्होल्टेज पुरतं चढायच्या आत पळवल्या की मान टाकतात. तीनशे मायक्रोसेकंद थांबलं की सगळं ठीक. पापणी लवायला लागतो त्याच्या हजाराव्या भागाइतका तो वेळ. दादांनी ओळ लिहिली, मी खाली माझं नाव घातलं, आणि त्या दिवशी आम्ही दोघं शाळा सुटल्यासारखे दुपारीच घरी गेलो.

आताच्या बदलासोबत चाचणीचा तक्ता जोडला होता. दहापैकी दहा बोर्ड पास. दहापैकी दहा दिसलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. त्यात आमच्याकडे चाचणीचे बोर्ड आहेत बारा.

खाली प्रयोगशाळेत गेले. तिथली ताई सगळे बोर्ड सांभाळते. कुणी हात लावलेला तिला खपत नाही.

“ताई, अशक्त चिपवाले दोन बोर्ड कुठायत?”

“ते ना? खणात आहेत.” तिने खण ओढला. फडक्यात गुंडाळून ठेवले होते. “दादांनी काढायला सांगितले.”

“का?”

“म्हणाले, जुने झालेत, निकाल बिघडवतात. मी म्हटलं, दादा, निकाल बिघडवायलाच तर ठेवलेत ना ते? तर म्हणाले, तू तुझं काम कर.” ताईने खण ढकलला. “इतक्या वर्षांत माझ्याशी असं कधी बोलले नव्हते हो.”

आम्ही दोघींनी ते बोर्ड जोडले, दादांचा बदल त्यांत घातला आणि दोन्ही साठ अंशांच्या पेटीत ठेवले. अठराव्या मिनिटाला पहिल्याचे पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थांबले. चाळिसाव्याला दुसऱ्याचे. खरकट्या ताटात चुकून हात पडावा तसं मला झालं. चुका माणसं करतात. मी हजारो चुका पाहिल्यात आणि एकीचीही मला घृणा आली नाही. पण ही चूक नव्हती. कुठले दोन बोर्ड खणात टाकायचे हे ज्याला बरोबर ठाऊक, तो चुकत नसतो. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

दादा पॅसेजमधल्या बेसिनपाशी कप धूत होते.

“दादा, खणातले बोर्ड लावून बघितले.”

ते वळले नाहीत. “गोठले असतील.”

“म्हणजे माहीत होतं तुम्हाला!”

“अगं, शंभरात एखादं. गोठलं तर बंद करून चालू करतील. सगळं जग तेच करतं.” त्यांनी नळ बंद केला. “गिऱ्हाइकाला पाच टक्के वेग वाढवून हवाय. दुसरं काय शिल्लक आहे काढण्यासारखं? तू सांग.”

“मग होत नाही म्हणून सांगायचं.”

“तू सांग. माझी दोन वर्षं राहिलीत. मला नाही आता कुणाशी भांडायचं.” मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, “आणि मी लिहिलेली ओळ मी काढली. तुझं काय गेलं त्यात?”

हे बोलताना ते कप पुसत होते. आतून, बाहेरून, कान सुद्धा. त्या निगुतीने पुसण्याचा मला जितका संताप आला तितका त्यांच्या बोलण्याचाही आला नसेल. या चिप वजनकाट्यात जातात, लिफ्टमध्ये जातात, दवाखान्यात सलाईनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रात जातात. कुठे जाणार ते चिपला कुणी विचारत नाही. आणि बंद करून चालू करायला तिथे प्रत्येक वेळी माणूस उभा असतो थोडाच? हे मला दादांनीच शिकवलं होतं. आता त्यांनाच काय शिकवायचं? मी तिथून निघून आले.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. आमच्या ह्यांचा कामधंदा वेगळा, पण इतक्या वर्षांत ऐकून ऐकून त्यांना निम्मं कळतं.

“घालून टाक की नाव,” हे म्हणाले. “एवढ्याशा अक्षरातलं ते, कोण वाचतंय?”

“मी वाचते.”

“मग झालं,” हे म्हणाले.

सकाळी जाऊन मी बदलाखाली लिहिलं, कुठले बोर्ड, किती तापमान, कितव्या मिनिटाला गोठले. शेवटी लिहिलं, ‘नामंजूर.’ दहा मिनिटांत साहेब हजर.

“मॅडम, तुम्ही नका त्रास करून घेऊ. मी दुसऱ्या कुणाला तरी देतो तपासायला.”

“दुसरा तपासेल तर त्यालाही हेच दिसेल.”

“बघू ना,” साहेब गोड हसले. या हसण्यावर त्यांना बढती मिळाली असावी.

दुसऱ्याने चार मिनिटांत तपासलं. वेळ तिथे नोंदलेली असते, म्हणून माहीत. त्याने ‘उत्तम’ असं लिहिलं आणि खाली नाव घातलं. माझ्या आक्षेपापुढे कुणीतरी ‘निकाली’ अशी खूण केली, आणि जेवणाच्या सुट्टीआधी बदल मूळ कोडात गेला. त्या चार मिनिटांत त्याने काय वाचलं असेल? लग्नपत्रिकासुद्धा माणूस याहून जास्त वेळ वाचतो. मला शिसारी आली, त्याची, साहेबांची, आणि सगळ्यात जास्त त्या खोलीत बसून निमूट पगार घेणाऱ्या माझी.

ड्रायव्हरसोबत एक यादी असते. काही बिघडलं तर कुणाला विचारायचं, त्यांची नावं. या ड्रायव्हरच्या यादीत सोळा वर्षं दोनच नावं होती, दादांचं आणि माझं. मी फाइल उघडली, माझ्या नावाची ओळ पुसली आणि कारणात लिहिलं, ‘यापुढे या कोडाची जबाबदारी मला घेता येणार नाही.’ आता हाही बदलच. तोही कुणीतरी तपासायला हवा, आणि रीतीप्रमाणे तो यादीतल्या दुसऱ्या माणसाकडे गेला.

दादांचं टेबल माझ्यापासून अकरा-बारा पावलांवर. पाठमोरे दिसतात. त्यांनी तो उघडला तेही मला दिसलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, उठतील. येऊन “अगं, वेडी आहेस का?” म्हणतील. चिडले असते तरी चाललं असतं. ते खुर्चीत हलले सुद्धा नाहीत. चाळीस मिनिटांनी त्यांचा शेरा आला.

‘नावाची ओळ काढली आहे, पण तिच्या जागी एक रिकामी ओळ राहिली आहे. ती काढून पुन्हा पाठवावे.’

मी फाइल परत उघडून पाहिली. खरंच राहिली होती. मी ती काढली आणि पुन्हा त्यांच्याकडे तपासायला पाठवली.