मी फुटलो नव्हतो

मी एका दोन माणसांच्या उघड्या मोटारीचा डावा मागचा टायर बोलतोय. सरकारी पंचनाम्यात माझ्याबद्दल एकच ओळ आहे: "टायर फुटल्यामुळे गाडी चालकाच्या ताब्यातून सुटली." ही ओळ धादांत खोटी आहे. माझ्या कुशीत भोक आहे, हे खरं. ते कसं पडलं हे मला कुणी विचारलं नाही. टायरला कोण विचारतो? म्हणून न विचारता सांगतोय, आणि जरा मोठ्यानंच सांगतोय.

माझा जन्मच पात्याखाली झाला. त्रावणकोरच्या डोंगरात रबराच्या झाडाची साल तिरकी कापतात आणि जखमेतून गळणारा पांढरा चीक वाटीत धरतात. तो चीक म्हणजे मी. मग मला तेजाबात गोठवलं, लोखंडी लाटण्यांतून पिळून काढलं, गंधक आणि काजळी चारून साच्यात कोंबलं आणि वाफेवर शिजवलं. बाहेर आलो तो काळाकभिन्न, अंगावर खोल खाचांची नक्षी घेऊन. माणसाच्या वाट्याला हे आलं असतं तर त्यानं देवाशी भांडण काढलं असतं. मी मुकाट चाकावर चढलो.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. अहमदनगरच्या छावणीत एका गोऱ्या कप्तानाकडे ही लाल मोटार होती. बुटकी, लांब नाकाची, बुडाकडे हलकी. कप्तान तिला बेफाम हाकायचा. भिंगारच्या रस्त्यावर माझ्याखाली कुत्री मेली, कोंबड्या मेल्या, तो मान वळवून बघायचा नाही. पण एक गोष्ट नेमानं करायचा. टायर बदलायची वेळ आली की चांगली जोडी मागं, उतरलेली पुढं.

त्याचं कारण सांगतो, कारण पुढचा सगळा अनर्थ त्यातून झाला. या मोटारीचं इंजिन पुढं असलं तरी त्याचा सगळा जोर पोटाखालच्या दांड्यातून मागच्या चाकांवर येतो. पुढचे दोघं फक्त दिशा दाखवतात. गाडी ढकलतो आम्ही, मागचे. आमची पकड सुटली की गाडीचं बूड सैल सुटतं, आणि मग ते कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही.

लढाई संपली, कप्तान विलायतेला गेला. जाताना त्यानं मोटार कानिफनाथला विकली.

कानिफनाथ लष्कराला कडबा पुरवून गब्बर झालेला ठेकेदार. त्याआधी तो शर्यतीचे बैल पळवायचा. बैल मागं पडला की त्याच्या शेपटीला कडकडून चावायचा, पराणीच्या आरीनं पुठ्ठे रक्ताळून टाकायचा, आणि जिंकला की त्याच बैलाच्या गळ्यात पडून रडायचा. मोटारीलाही त्यानं बैलच मानलं. तिला गुलाल लावला. चालू झाली नाही तर लाथ घातली.

तोवर मी आणि माझा जोडीदार पार गोटा झालो होतो. अंगावर खाच म्हणून उरली नव्हती. पुढच्या जोडीच्या तर धांदोट्या निघाल्या होत्या. कानिफनाथला तिसगावला सासुरवाडीत मोटार मिरवायची होती, म्हणून तो बायकोला शेजारी बसवून झेंडीगेटजवळ कमरुद्दीन मिस्त्रीच्या दुकानी आला. टायरवर अजून सरकारचा कंट्रोल होता. परमिट मिळालं होतं ते दोनच नव्या टायरांचं.

कमरुद्दीननं नवी जोडी घरंगळत बाहेर आणली. कानिफनाथ उकिडवा बसला, खाचांत अंगठा घालून चाचपू लागला.

"चारदाती हाय," तो खुशीत म्हणाला, तरण्या बैलाचे दात मोजावेत तसा.

"शेठ, टायरला दात नसतात."

"तुला न्हाई दिसायचे. सारी हयात रबरात गेली तुझी. जनावर कवा घेतलंस?"

गाडीत बसलेली त्याची बायको रंगुबाई पदराआड हसली.

कमरुद्दीननं आणखी एक जोडी आणली. जुन्या टायरावर नवं रबर चढवलेली. "ह्याला परमिट लागत नाही शेठ. ही पण घ्या. चारी चाकं नीट होतील. मागचे दोघं पार गेलेत तुमचे."

"म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवून माझ्या गळ्यात मारतोस व्हय रं?" कानिफनाथनं त्या जोडीला अशी लाथ घातली की एक टायर गडगडत गटारात गेला. "लोक काय म्हनतील? कानिफनाथनं उतरल्यालं जनावर जुंपलं?"

"मग नवे दोन मागं चढवतो."

"मागं? का?"

"साहेब तसंच चढवायचा."

"आरं पर का चढवायचा?"

कमरुद्दीननं विडी पेटवली. "ते मी कधी विचारलं नाही शेठ."

"मी सांगतो. साहेबाला बैल ठाऊक न्हवता. जू कुठं असतं? पुढं. वढायचं काम पुढच्यांचं, मागची नुसती फरफटत येत्यात. नवी जोडी पुढं घाल."

"शेठ, माझं एकदा ऐका..."

थप्पड इतक्या जोरात बसली की कमरुद्दीनच्या तोंडातली विडी उडून माझ्यावर पडली. रस्त्यावरचे चार लोक थांबले, आणि कुणाला काही बोलायचं नाही हे ठरवून पुढं गेले.

"आवो, तो सांगतोय तर ऐकावं," रंगुबाई म्हणाली. "घाटानं जायचंय."

"तू गप. तुझ्या बापानं मोटार बघितलीया का कवा?"

कमरुद्दीननं नवी जोडी पुढं चढवली. माझा राग त्याच्यावरही आहे. कारण ठाऊक नसलं तरी आपलं म्हणणं खरं आहे हे त्याला आतून कळत होतं. एका थपडेत त्यानं ते सोडून दिलं.

करंजीच्या घाटात त्या दिवशी रस्त्याचं काम चाललं होतं. मजूर वळणावळणावर मुरूम पसरत होते. कानिफनाथनं भोंगा वाजवला, तशी माणसं कडेला सरली. एका वळणावर दगडी कठड्याला पाठ लावून बनुबाई नावाची एक मजूरबाई उभी राहिली. डोक्यावर खडीचं घमेलं, चेहऱ्यावर धूळ. लाल मोटार बघायला मिळाली म्हणून ती हसत होती. हे मी शपथेवर सांगतो.

"बघ आता कशी उधळतीय!" कानिफनाथ बायकोला म्हणाला, आणि ऐन वळणात त्यानं पाय दाबला.

पुढच्या नव्या जोडीनं मुरमात खाचा रोवल्या आणि मुकाट वळली. इंजिनाचा सगळा जोर आमच्या दोघांवर आला. आम्ही मुरूम धरायला बघत होतो, पण धरायचं कशानं? आमचं अंग तव्यासारखं सपाट. बूड सुटलं. गाडी भोवऱ्यासारखी फिरली, आणि तिची मागची डावी बाजू, म्हणजे मी, बनुबाईला घेऊन कठड्यावर आदळलो. ती ओरडली. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मग तिची हाडं मोडलेली मला कळली, कारण ती माझ्यावरच मोडली. घमेल्यातली खडी तिच्या तोंडावर पडली आणि ती गप्प झाली.

रंगुबाईचं कपाळ काचेवर फुटलं होतं. डोळ्यांत रक्त उतरत होतं, तरी तिचे डोळे उघडे होते.

कानिफनाथ खाली उडी टाकून आला. बनुबाईकडं त्यानं एकदाच पाहिलं. मग खिशातला खटक्याचा चाकू काढला आणि माझ्याकडं वळला. पहिला घाव निसटला, नुसता ओरखडा उमटला. दुसऱ्याला त्यानं गुडघा टेकवून, दात खाऊन सगळं बळ लावलं. पातं माझ्या कुशीत शिरलं, आतली ट्यूब फाटली, आणि माझ्यातली हवा फुस्स करून निघून गेली.

"टायर फुटलं," तो बायकोला म्हणाला. "काय झालं?"

त्यानं तिचं फुटलेलं कपाळ तसंच अंगठ्यानं दाबलं. "काय झालं? बोल!"

"टायर फुटलं."

बनुबाईचा नवरा पुंजाराम खालच्या वळणावर खडी फोडत होता. तो धावत वर आला तो बायकोला हाकाच मारत. तिच्याजवळ बसला, तिच्या तोंडावरची खडी वेचू लागला. एकेक खडा वेचून बाजूला ठेवत होता. मग कुदळीचा दांडा उचलून कानिफनाथवर धावला. पण ठेकेदाराची जीभ त्याच्या दांड्याहून चपळ.

"मला मारून काय हुनार? टायर बघ! नगरच्या कमरुद्दीननं मला कुजकं टायर घातलं. तुझी बायको त्यानं मारली, मी न्हाई!"

त्यानंतरचं मी पाहिलं नाही; मला मुद्देमाल म्हणून ठाण्यात नेलं, तिथल्या व्हरांड्यात पोलिसांच्या तोंडून ऐकलं. बनुबाईला अग्नी देऊन पुंजाराम आणि त्याच्या बरोबरचे मजूर नगरला गेले. वाटेत बघे मिळाले, बघ्यांत कुणी तरी कमरुद्दीनच्या धर्माची गोष्ट काढली, आणि टायराचं भांडण बघता बघता वेगळंच झालं. असल्या वेळी असली जीभ कुठून उगवते, आणि नंतर तिला पकडायला कुणी कसं जात नाही? कमरुद्दीनला दुकानातून फरफटत बाहेर काढलं. त्याचा उजवा हात त्याच्याच ऐरणीवर धरला आणि पुंजारामनं त्याच्याच हातोडीनं ठेचला. दुकानातले टायर पेटवले. रबराचा काळा धूर बराच वेळ शहरावर होता म्हणे. जळणारे माझे भाऊबंद होते. ठेचला गेलेला हात त्याचा, ज्यानं नवे टायर मागं घाला म्हणून थप्पड खाल्ली होती.

आणि अटक कुणाला झाली? हात मोडणाऱ्या पुंजारामला, आणि कुजका टायर घातला म्हणून हात मोडलेल्या कमरुद्दीनलाही. बाई मारणारा मोकळाच होता.

काही दिवसांनी जबान्या झाल्या. मला व्हरांड्याच्या खांबाला टेकवून ठेवलं होतं. फौजदारानं कानिफनाथला खुर्ची दिली. कमरुद्दीन खाली फरशीवर, हात फडक्यात गुंडाळलेला. फडक्यातून अजून पाणी पाझरत होतं. पलीकडं पुंजाराम, बेडीत. रंगुबाई उभी होती. ती टायर फुटला म्हणाली की कमरुद्दीन तुरुंगात जाणार, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाई, टायर फुटल्याचा आवाज तुम्ही ऐकला?" फौजदारानं विचारलं.

रंगुबाईची नजर फडक्यावर होती. "आवाज ऐकला."

कानिफनाथनं मिशीवरून हात फिरवला.

"मोठा होता?"

"लई मोठा हुता. पर तो टायराचा न्हवता, साहेब. त्या बाईचा हुता."

फौजदाराची लेखणी थांबली.

"टायर त्याच्या मागनं गेलं," ती म्हणाली. "ह्यांनी चाकू मारला. पहिला निसटला, दुसरा शिरला. त्याचा आवाज म्हंजी नुसतं फुस्स. मी गाडीतच हुते."

"डोक्याला मार बसलाय तिच्या!" कानिफनाथ ओरडला. "बरळतीया!"

"कपाळाला बसलाय. डोळं शाबूत हायेत."

तो खुर्चीवरून उठला तो बैल उधळावा तसा. तिचा अंबाडा धरून त्यानं तिचं डोकं खांबावर आपटलं. आपटताना ती माझ्यावर पडली, माझ्या भोकावर तिचं रक्त सांडलं. दोन पोलिसांनी त्याला ओढलं तेव्हा त्याच्या मुठीत तिचे केस होते. सगळ्यांना वाटलं, आता पुंजाराम त्याच्या नरड्याला झोंबणार. पण तो जागचा हलला नाही. तो कमरुद्दीनच्या हाताकडं बघत होता आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

रंगुबाईच्या जबानीनं कमरुद्दीन सुटला. कानिफनाथवर खटला झाला. बेफिकीरपणे गाडी हाकल्याबद्दल त्याला दंड झाला, तो त्यानं तिथल्या तिथं भरला आणि टांग्यात बसून घरी गेला. हात मोडणाऱ्या, दुकान जाळणाऱ्या पुंजारामला सक्तमजुरी. त्याच्या हातून मोठा गुन्हा घडला, यात वाद नाही. पण ज्यानं त्याच्या हातात तो गुन्हा दिला त्याला दंड, आणि याला बेड्या? धर्म काढणारी जीभ तर कुणाला आठवतही नव्हती. रंगुबाई नवऱ्याच्या घरी परत गेली नाही. तिसगावला भावाकडं राहते, बाजारात बांगड्या विकते.

माझी एकच विनवणी आहे. वर्तमानपत्रात एखाद्या कोपऱ्यात 'टायर फुटून अपघात, एक ठार' असं छापून येतं. ते वाचून पान उलटू नका. टायर कुणी निवडला, कुठल्या चाकावर चढवला, आणि पाय कुणाचा होता, हे विचारा. छापणाऱ्यालाही विचारा. त्यानं आधी स्वतः विचारलं होतं का?

मुद्देमालातून सुटून मी भंगारात विकला गेलो आणि कमरुद्दीनकडं आलो. दुकान पुन्हा उभं राहिलंय, अर्धं पत्र्याचं, अर्धं गोणपाटाचं. त्याची उजवी बोटं वळत नाहीत. आज पुंजाराम तुरुंगातून सुटून दारात येऊन उभा राहिला.

"काय," कमरुद्दीन म्हणाला, "डावा पण मोडायचाय?"

पुंजारामनं मान खाली घातली. "काम द्या. मजुरी नगं."

"मजुरी घ्यावी लागेल. फुकटचा माणूस मला दुकानात नको." कमरुद्दीननं डाव्या हातानं सुरी त्याच्यापुढं टाकली. "आणि नीट ऐक. मी तुला माफ केलेलं नाही. सुरी उचल."

पुंजारामनं सुरी उचलली. माझ्या शाबूत बाजूचे तुकडे कापून ते दुसऱ्या टायरांच्या फाटक्या जागी आतून बसवायचे आहेत. पातं माझ्या अंगाला लागलंय, आणि कमरुद्दीन त्याच्या खांद्यावरून वाकून सांगतोय, कुठून कापायचं ते.