मिराबेलची डावी कूस

आमच्या कोंद्रोझ भागात गाय व्यायली असं कोणी म्हणत नाही. कापली म्हणतात. "तुझी कापली का रे?" "कापली काल." आणि वर निवांत कॉफी पितात. आमच्या निळ्या-पांढऱ्या गाई पाहिल्यात तर कारण कळेल. पुठ्ठे असे फुगलेले की शेपटी मधल्या खाचेत बुडून जाते. माझ्या आजोबांच्या काळी ह्याच गाई दूध द्यायच्या आणि आपल्या आपण व्यायच्या. मग खाटकांना मांस जास्त हवं झालं. आमच्या शहाण्यांनी जाड गायीला जाड वळू लावत लावत अशी जात काढली, की वासराला बाहेर यायला वाटच पुरेना. म्हणून मग डावी कूस भादरायची, सुई टोचून बधिर करायची, उभ्या गायीला चिरायचं आणि वासरू कुशीतून उपसायचं. ह्याला आम्ही प्रगती म्हणतो आणि प्रदर्शनात बिल्ले लावून मिरवतो.

माझा भाऊ ओदों त्या बिल्ल्यांपायी वेडा आहे. शेत दोघांचं, गोठा दोघांचा, अक्कल मात्र त्याची एकट्याची. मिराबेल तेवढी माझी. ती चार वेळा कापलेली. चौथ्या वेळी जनावरांच्या डॉक्टरांनी आत हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"सगळं एकमेकांना चिकटलंय, जिस्लेन. पुन्हा चिरली तर नंतर गाभण राहायची नाही."

जी गाभण राहत नाही, तिला आमच्याकडे चारून आणखी जाड करतात आणि खाटकाकडे धाडतात.

"आणि न चिरता व्यायली तर?"

डॉक्टर हसले. मग त्यांनी खरंच मागून हात घालून अंदाज घेतला. "ह्या जातीच्या मानाने हिची वाट रुंद आहे. बारीक वासरं देणारा बैल लावलात तर जमेलसुद्धा."

मी काळ्या अँगस जातीच्या बैलाच्या रेताची कांडी भरून घेतली. ओदोंने गावभर माझं हसं केलं.

"आपल्या गोठ्यात काळं कुत्रं आणणार का गं?"

"कुत्रं येऊ दे. मिराबेल तर राहील."

"कर बाई, तुझीच गाय."

दिवस भरले. कास तटतटली होती, पण माझी दाढ इतकी ठणकत होती की सीने शहरात दातांच्या डॉक्टरकडे जाणं भागच होतं. निघताना मी ओदोंला विचारलं, "कळा सुरू झाल्या तर काय करायचं?"

"काय?"

"काही नाही. खुर्ची घे, तिच्याजवळ बस आणि हात खिशात ठेव."

"ठेवतो गं. जा तू, दात दाखवून ये."

दुपारी परत आले तर अंगणात जनावरांच्या डॉक्टरांची गाडी. गोठ्यात मिराबेल दोरीला बांधून उभी, डावी कूस उघडी आणि डॉक्टर टाके घालत होते. ओदोंचे हात कोपरापर्यंत लाल. पेंढ्यावर एक छोटंसं काळं वासरू कान फडफडवत होतं.

"पाणमोट फुटली, मी फोन केला," ओदों म्हणाला. घराला आग लागल्यावर बंब बोलावला अशा थाटात.

"डॉक्टर, चिरण्याआधी मागून हात घातला होता?"

त्यांनी मान वर केली नाही. "ह्यांनी फोनवर कापायची आहे म्हणून सांगितलं. ह्या मोसमात कुठली गाय कोणाची, ध्यानात राहत नाही..."

"घातला होता का?"

"नाही." सुई पलीकडून ओढून घेतल्यावर ते हळूच म्हणाले, "आत गेल्यावर कळलं. डोकं आणि पुढचे पाय वाटेत उतरले होते. मागे ओढून घ्यावं लागलं."

निघालेलं वासरू होतं ते. ह्या दोघांनी त्याला परत आत ओढलं आणि भिंत फोडून बाहेर काढलं. संतापाने माझे कान तापले. पायाशी गरम पाण्याची बादली होती. ती उचलली आणि ओदोंच्या अंगावर रिकामी केली.

"गाढवा, बसायला सांगितलं होतं तुला. नुसतं बसायला."

"बसलो होतो," तो निथळत म्हणाला. "मग तिने जोर केला आणि मागून काहीतरी पांढरं आलं, परत आत गेलं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं."

"खुरं होती ती. व्यायला लागली होती ती."

"मला काय माहीत?" त्याचा आवाज फुटला. "सगळा जन्म गोठ्यात गेला जिस्लेन, मी कधी गाय व्यायलेली पाहिली नाही."

मीही पाहिली नव्हती. पण म्हणून त्याची कीव आली नाही. "आज ती दाखवत होती तुला," मी म्हणाले.

मिराबेल दोरीला ताण देऊन वासराकडे तोंड नेत होती. मी दोरी सोडली, वासरू तिच्यापुढे सरकवलं. ती चाटू लागली. डॉक्टरांनी शेवटची गाठ मारली आणि ओदोंकडे न पाहता म्हणाले, "महिनाभर जखम भरू द्या. मग चारायला घ्या हिला."

त्यांचे हात रक्ताने माखले होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं.

"हात धुवायला पाणी मिळेल का?"

"नाही," मी म्हणाले.