कुंपणाची बॅटरी

घड्याळजींचा डोळा उघडला तो तोंडावर ऊन आलं म्हणून. जरा पाठ टेकू म्हणून ते खुर्चीत बसले होते आणि पाठीबरोबर डोकंही टेकलं होतं. समोर वाळूच्या उंचवट्यापाशी दिव्यावर येणारे पतंग धरायची त्यांची पेटी तशीच होती आणि तिच्यावरचा दिवा भर उन्हात बावळटासारखा जळत होता. रात्रभर टिकली म्हणजे बॅटरी उत्तम आहे, असं त्यांच्या मनात आलं. मग त्या बॅटरीवरचा तांबडा पट्टा त्यांना दिसला आणि ते खुर्चीतून ताडकन उठले. बॅटरी कुंपणाची होती.

घड्याळजींनी उभं आयुष्य डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. बायकोला समुद्रकाठच्या या अभयारण्यात रखवालदाराची नोकरी लागली, तेव्हा दुकान विकून तेही तिच्या मागोमाग इथल्या दोन खोल्यांत राहायला आले. तिला पक्ष्यांचं वेड. हा काय, तो काय, सगळे पांढरेच, असं यांचं पक्ष्यांबद्दलचं ज्ञान. मात्र रात्री दिव्यावर जे पतंग येतात, त्यांच्यातले दोन तपकिरी वेगळे का, यावर ते जेवण थंड होईपर्यंत बोलत. कोणी ऐकत नसलं तरी त्यांचं काही अडत नसे.

दर रविवारी सकाळी गावातली माणसं पतंग बघायला येत. आदल्या संध्याकाळी पेटीवर दिवा लावायचा. पतंग झेपावतात, आत पडतात आणि अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेंमध्ये दडून झोपतात. सकाळी एकेक ट्रे उचलून दाखवायचा आणि सगळ्यांना झुडपात सोडून द्यायचं. काल नेमकी दिव्याची बॅटरी उतरली आणि बायको घरी नव्हती. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून ती एका रात्रीपुरती तिच्याकडे गेली होती. जाताना तिने एकच गोष्ट सांगितली होती, "कुंपणाकडे बघा." घड्याळजींनी बघितलं, आणि तिथे भरलेली बॅटरी दिसली. आपली चार्जिंगला लावू, तोवर ही वापरू, तासाभराने बदलू, असा त्यांचा साधा सरळ हिशेब होता. हिशेबात डुलकी धरली नव्हती.

कुंपण होतं सुरयांसाठी. सुरय म्हणजे छोटे, चपळ, पिवळ्या चोचीचे समुद्रपक्षी. उन्हाळ्यात येतात आणि उघड्या वाळूवर, शिंपल्यांच्या चुऱ्यात अंडी घालतात. गेल्या उन्हाळ्यात एका कोल्ह्याने एका रात्रीत त्यांची सगळी वसाहत फस्त केली होती. सकाळी बायको फुटक्या कवचांच्या मधोमध बसलेली घड्याळजींना सापडली. नंतर कितीतरी दिवस ती बोलली नाही. वाढायची, आवरायची, खिडकीत उभी राहायची. घड्याळजी आपल्याच घरात पाय न वाजवता वावरत होते. पुढे ती कचेरीत जाऊन भांडली, साहेबाच्या नाकी नऊ आणले, आणि हे विजेच्या तारेचं कुंपण मिळवलं. त्याचा झटका जीव घेणारा नव्हता, पण चांगलीच अद्दल घडवणारा होता. फक्त त्याला बॅटरी लागत असे.

घड्याळजींनी दिव्याच्या वायरी उपटल्या, ती धोंड्यासारखी जड बॅटरी पोटाशी धरली आणि ते वाळूतून धावत सुटले. धावत म्हणजे त्यांच्या वयाला जमेल तसे. कुंपणाचं यंत्र वसाहतीच्या लांबच्या टोकाला एका डबड्यात होतं. त्यांनी वायरी जोडल्या. यंत्र टिकटिकायला लागलं. आयुष्यात टिकटिक ऐकून त्यांना कधी इतकी लाज वाटली नव्हती.

मग त्यांना पावलं दिसली. ओल्या वाळूत, तारेच्या कडेने गेलेली, ताजी, आणि कुत्र्यापेक्षा बारीक. घड्याळजींना पक्षी ओळखता येत नसले तरी कोल्ह्याचं पाऊल या घरात राहून न ओळखणं शक्य नव्हतं. त्यांनी आत नजर टाकली. नुसती वाळू, शिंपले आणि वारा. एकही पक्षी उडत नव्हता. घड्याळजी बायकोबरोबर इथे यायचे तेव्हा डोक्यावर असा कलकलाट व्हायचा की आपलंच बोलणं ऐकू येऊ नये. आज चिडीचूप.

आत जाऊन बघावं असं त्यांना फार वाटलं. पण ती अंडी वाळूसारखीच दिसतात, आणि तिच्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही हा तिचा नियम होता. चुकून एखादं शिल्लक असेल तर ते आपल्या पायाखाली नको, एवढंच त्यांना सुचलं. ते मागे फिरले.

पेटीपाशी लोक जमले होते. एक निवृत्त मास्तर, नवीन लग्न झालेलं एक जोडपं, आणि रात्रपाळी संपवून तशीच आलेली एक नर्स. घड्याळजींनी झाकण उघडलं. नशिबाची थट्टा बघा, वर्षातली सगळ्यात सुंदर सकाळ आजच उगवली होती. पहिल्याच ट्रेवर तळहाताएवढा, हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग बसला होता. नर्सने श्वास रोखून धरला. जोडप्याने भांडण थांबवून फोटो काढला. घड्याळजी मात्र हातातल्या अंड्यांच्या ट्रेच्या रिकाम्या खळग्यांकडे बघत होते, आणि त्यांना पतंग सोडून बाकी सगळं दिसत होतं.

"काका, बरं वाटत नाही का?" नर्सने विचारलं. "चेहरा उतरलाय तुमचा."

"जागरण झालं," घड्याळजी म्हणाले. झोपून राहिल्यामुळे झालेल्या अनर्थाला जागरण म्हणताना त्यांची जीभ अडखळली.

"आणि ते सुरय?" मास्तरांनी विचारलं. "आज दाखवणार ना दुर्बिणीतून? नातीला सांगून आलोय मी."

तेवढ्यात रस्त्यावर पहिली बस थांबली आणि बायको उतरली. खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर बहिणीच्या घरचं जागरण. तरी पावलं खोलीकडे न वळता सरळ किनाऱ्याकडे. घड्याळजींनी तोवर मनात तीन-चार वाक्यं जुळवली होती. ती समोर आल्यावर त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"अगं, ऐक. काल दिव्यासाठी कुंपणाची बॅटरी काढली होती मी. परत लावायची राहिली. झोप लागली मला."

मास्तर, नर्स आणि जोडपं एकदम पतंगांकडे फारच लक्ष देऊन बघायला लागले.

"रात्रभर?" तिने विचारलं.

"रात्रभर. आता लावलीय. कोल्हा येऊन गेलाय. पावलं आहेत तिथे."

"आत गेलात?"

"नाही."

तिने पिशवी त्यांच्या हातात दिली आणि ती चालू लागली. ती ओरडली असती तर घड्याळजींनी ते आनंदाने ऐकून घेतलं असतं. पण तिचा तोच गेल्या वर्षीचा चेहरा झाला होता, आणि तो आपल्यामुळे झालाय हे त्यांना सहन होत नव्हतं. पेटी मास्तरांवर सोपवून ते पिशवीसकट तिच्या मागे निघाले.

ती पावलांपाशी उकिडवी बसली. हात न लावता, कडेकडेने, तिने सगळा माग कोपऱ्यापर्यंत वाचला आणि परत आली. घड्याळजी पिशवी छातीशी धरून उभे होते.

"इकडे या," ती म्हणाली. "हा इथून आला. इथे थांबला, तारेपासून वीतभर. इथे तर बसलाय, शेपटीचा फराटा दिसतोय ना? मग तारेच्या बाजूने चालत राहिला, कोपऱ्यावर पुन्हा बसला आणि गेला झुडपात. मध्येच एखादी उडी, एखादं उकरणं, काही नाही."

"पण तारेत वीज नव्हती."

"ते तुम्हाला माहीत. त्याला कोण सांगणार? मागे कधीतरी नाकाला झटका बसलाय त्याच्या. तेव्हापासून त्याने या तारेच्या नावाने कानाला खडा लावलाय."

घड्याळजींना हे पटत होतं आणि पटवून घ्यायची हिंमत होत नव्हती. "अगं, पण पक्षी? सकाळी एक आवाज नव्हता."

"तुम्ही ऐकता तेव्हा ते ओरडतात, कारण आपण आत गेलेलो असतो. शिव्या असतात त्या. कोणी त्रास देत नसलं की गप्प अंड्यांवर बसतात. ते ओरडत असते तर मी बसथांब्यापासून पळत आले असते."

तिने डबड्यामागे झाकून ठेवलेली दुर्बीण तिवईवर लावली आणि डोळा टेकवला. मोजताना तिचे ओठ हलत होते. घड्याळजी वाळूकडे नाही, त्या ओठांकडे बघत होते. मग ते हलायचे थांबले.

"बघा," ती बाजूला होत म्हणाली.

त्यांनी बघितलं. आधी नुसती वाळू. मग वाळूला एक काळं डोकं फुटलं, पिवळी चोच फुटली. मग तसंच दुसरं, तिसरं, जिकडेतिकडे, खोलगट जागांत गळ्यापर्यंत रुतून बसलेले पक्षी. सगळ्यात जवळच्या पंखाखालून वाळूच्या रंगाचा एक गोळा बाहेर आला, दोन पायांवर उभा राहिला आणि पडला.

"पिल्लू?"

"पहिलं," ती म्हणाली. "रात्रीच फुटलंय अंडं."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. इतका की ते खाली वाळूत बसले. तीही शेजारी बसली.

"तुम्ही सांगितलंत ना," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, पुन्हा तसा उन्हाळा मला काढता यायचा नाही."

"मलाही तेच वाटलं. पाखरांपेक्षा तुझीच भीती वाटली."

"माझी भीती वाटली की माझ्यासाठी?"

"दोन्ही," घड्याळजी खरं बोलले.

मग उठून तिने साडीची वाळू झटकली. "तार तपासलीत?"

"यंत्र टिकटिकतंय की."

"टिकटिकतंय म्हणून चालतंय असं घड्याळजींनी तरी म्हणू नये. तपासायचं यंत्र घरी राहिलंय. बोट लावा."

"मी?"

"कोल्ह्याला एकदाच बसला, तो विसरला नाही. तुम्हालाही एकदा बसू दे."

घड्याळजींनी वाद घातला नाही. आपल्याला हे स्वस्तात पडतंय, हे त्यांना कळत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि बोट पुढे केलं. शेवटच्या क्षणी तिला काय वाटलं कोण जाणे, तिने त्यांचं मनगट धरलं. मागे ओढायला की सोबत करायला, हे नंतर तिलाही सांगता आलं नाही. झटका दोघांना बसला आणि दोघंही वाळूत उताणी पडली.

आतले चार-सहा सुरय उठून दोघांना शिव्या घालून गेले. बायको पडल्या पडल्या हसायला लागली, आणि तिचं हसू काही केल्या थांबेना. वर्षभरात घड्याळजींनी ते ऐकलं नव्हतं. त्यांनी झिणझिण्या आलेला हात तिच्या हातातून सोडवला नाही.

"आहे वीज," ती म्हणाली.