टँकरच्या पाण्यातले जीव

अजितकुमार सरांनी सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. माणूस चांगला का वागतो, यावर जगात जेवढी मतं आहेत तेवढी त्यांना तोंडपाठ. त्यांचं स्वतःचं मत मात्र एकच: कुणीतरी बघतंय म्हणून. बघणारा बाजूला झाला की नीतीही काढता पाय घेते.

बायको गेल्यापासून हे मत त्यांना जास्तच सोयीचं झालं होतं. विजयमालाबाईंचा नेम गाळलेल्याच पाण्याचा. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा शेवटचे दोन महिने सरांनी नळाचं पाणी तसंच पेल्यात ओतलं आणि गाळलंय म्हणून पाजलं. जागरणांनी ते मेटाकुटीला आले होते, हे खरं. पण ती विश्वासानं प्यायली, हेही खरंच, आणि ते मनातून जाईना.

आता ते जतजवळ मुलाच्या मळ्यात राहायला आले होते. तिथं पाणी टँकरचं. सून चंदना ते फडक्यातून गाळायची, फडकं उलटं करून तांब्यात धुवायची आणि तो तांब्या टँकरवाल्या लालासाहेबाकडे द्यायची. ज्या विहिरीचं पाणी, तिथंच त्यातले बारीक जीव परत सोडायचे, ही त्या जैन घराची रीत. विहीर बारा किलोमीटरवर. पहिल्या वळणावरच तांब्या रिकामा होत असणार, असं सरांनी गृहीतच धरलं. तसं असेल, तर आपण काही जगावेगळं केलं नाही.

एकदा मुलाला फिरायला जातो म्हणून सांगून ते एसटीनं विहिरीजवळ उतरले आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीआड दबा धरून बसले. सत्तरीत हे शोभत नव्हतं, पण बसले.

टँकर आला. लालासाहेबानं आधी चपला काढल्या. तांब्याला दोरी बांधली, हळूहळू खाली सोडला, पाण्याला टेकवला आणि मग कलता केला.

सर ओशाळून बाहेर आले. तुझा विश्वास आहे का यावर, असं त्यांनी विचारलं.

"आमी मटण खाणारी माणसं, सर. मला काय कळतंय त्यातलं," लालासाहेब दोरी गुंडाळत म्हणाला. "पर वैनी कवा इचारत न्हाईत, सोडलं का म्हणून. मग वाटंत कसं वतायचं?"

त्याच टँकरमधून सर घरी आले. दिवस मावळायच्या आत ताटं वाढली गेली. सरांनी ताट बाजूला सारलं. त्यांनी चंदनाला सगळं सांगून टाकलं, दोन महिन्यांचं, पेल्याचं, खोटं बोलल्याचं.

चंदनानं ताट परत त्यांच्यापुढं सरकवलं.

"आत्तींना ठाऊक होतं, मामा. गाळायचं फडकं त्यांच्या खाटेसमोरच्याच दोरीवर असायचं. ते कवाच ओलं दिसलं न्हाई त्यांना."

"मग ती प्यायली कशी?"

"मी भेटायला आलेली तवा म्हणाल्या, त्यांना काय बोलू नको. लय दमल्यात."

सरांनी पेला उचलला. पाणी गाळलेलं होतं. ते त्यांनी घोट घोट करत संपवलं.