टिपरीचं हसू

पुरुषोत्तमराव जन्मात कधी कुणाशी भांडले नव्हते. भाजीवाल्यानं पिशवीत सडका टोमॅटो सरकवला तरी निमूट घरी आणून बायकोची बोलणी खाणारा हा माणूस. तो सत्त्याण्णव साली एका कार्टूनवरून भांडायला उभा राहिला, आणि असा उभा राहिला की राजाजीनगरातल्या ओळखीपाळखीच्यांनी तोंडात बोटं घातली.

कार्टून काही साधंसुधं नव्हतं. पंचवीसेक वर्षांमागं, शाळाशाळांतून पडद्यावर दाखवायला म्हणून, 'जांभूळबन' नावाची एक मालिका निघाली होती. तिच्यातला प्रत्येक प्राणी पुरुषोत्तमरावांच्या हातचा. उचलेल ती वस्तू पाडणारं गोणपाट अस्वल, कुणी मिठी मारत नाही म्हणून कायम रुसलेला काटेशेट साळिंदर, आणि सगळ्यांत लहान टिपरी खार. अस्वल आणि साळिंदर भांडायला लागले की टिपरी फांदीवरून हसायची. ती हसली की ते दोघं ओशाळायचे आणि भांडण तिथंच संपायचं. गोष्टीत एकाच्याही तोंडी शब्द नव्हता. नुसतं संगीत आणि ते हसणं. त्यामुळं कन्नड मुलं, मराठी मुलं, हिंदी मुलं, सगळ्यांना ती आपलीच वाटली. पुढं ती टीव्हीवरही आली आणि एक पिढीच्या पिढी टिपरीसारखं हसायला बघत मोठी झाली.

निर्माता वारल्यावर त्याच्या मुलांनी हे सगळं एका नव्या कंपनीला विकून टाकलं. कंपनीनं काय करावं? गोणपाटच्या खांद्यांवर तोफा बसवल्या. काटेशेटच्या अंगातून अग्निबाण सुटायला लागले. टिपरीला काळं चिलखत घातलं, पंजांना पोलादी नख्या लावल्या आणि एक डोळा लालभडक केला. नाव ठेवलं 'वज्रदल'. केबलवर दर रविवारी सकाळी हे तिघं कुणाला तरी बडवून काढत, आणि पोरं टाळ्या पिटत.

मोठ्यांचं मात्र पित्त खवळलं. वर्तमानपत्रांत पत्रांवर पत्रं आली. आमच्या लहानपणावर दरोडा घातला, असं कुणी लिहिलं. बसवेश्वरनगरात एका मुलानं काटेशेट होऊन पाण्याच्या टाकीवरून उडी मारली आणि हात मोडून घेतला, तेव्हा तर शाळांचे मुख्याध्यापकही पुढं सरसावले. निवृत्त हेडमास्तर सुब्बारावांनी गणपतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये सभा बोलावली, आणि तिथं पुरुषोत्तमराव उठून म्हणाले, "हे बंद झालं पाहिजे. एक दिवससुद्धा चालता कामा नये." लोकांना वाटलं, कलावंत आहे, आपल्या चित्रांचे हाल बघवत नाहीत बिचाऱ्याला.

त्यांच्या बायकोलाही तसंच वाटलं. आणि वसुमतीबाईंना आपला नवरा हरावा असं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटत होतं.

त्याचं असं झालं. घरी टीव्ही नव्हता. पहिल्या रविवारी शेजारच्या लक्ष्मीदेवी अंगणातून ओरडल्या, "वसुमतीअक्का, बन्नी, बेग बन्नी! लवकर या, तुमच्या ह्यांची खार आलीय!" वसुमतीबाई हातातलं पीठ तसंच ठेवून धावल्या. लक्ष्मीदेवींची नात रक्षिता टीव्हीला नाक लावून बसली होती. पडद्यावर ते लाल डोळ्याचं काहीतरी नाचत होतं. ही आपली टिपरी? वसुमतीबाईंनी नाक मुरडलं आणि त्या परत फिरणार, एवढ्यात टिपरीनं एका राक्षसाला लोळवलं आणि ती हसली.

ते नंदूचं हसणं होतं.

नंदू त्यांची मुलगी. एकुलती एक. 'जांभूळबन' तयार होताना सात वर्षांची होती. टिपरीला हसवायला बायका आणून पाहिल्या, बासरी वाजवून पाहिली, काही जमेना, तेव्हा पुरुषोत्तमराव तिला स्टुडिओत घेऊन गेले आणि माकडचेष्टा करून तिला हसवलं. हसणं तिचं असं, की आधी एकदम फुटायचं, मग श्वास पुरत नाही म्हणून अडायचं, आणि अडलं म्हणून आणखीच हसू यायचं. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मेंदूज्वरानं नंदू गेली. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. नवऱ्यानं घेतलं नाही म्हणून बायकोनं घेतलं नाही, आणि बायकोनं घेतलं नाही म्हणून नवऱ्यानं. फोटो होते, ते कपाटात गेले. पुरुषोत्तमरावांनी कार्टून सोडलं आणि बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात यंत्रांची चित्रं काढायची नोकरी धरली.

माणसाचा चेहरा फोटोत राहतो. आवाजाचं तसं नाही. वसुमतीबाईंना तेवीस वर्षांत नंदूचा आवाज हळूहळू आठवेनासा झाला होता. नंदू 'आई' म्हणायची, ते शब्द आठवत, पण कानात वाजत नसत. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती, कारण आईनं असं विसरावं याची त्यांना भयंकर लाज वाटे. आणि त्या रविवारी, पीठ लागलेले हात पुढं धरून उभ्या असताना, तो आवाज जसाच्या तसा त्यांच्या कानात शिरला. आपण कोसळू असं त्यांना वाटलं. पण झालं उलटंच. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्या तिथंच जमिनीवर बसल्या.

तेव्हापासून दर रविवारी पुरुषोत्तमराव सभेला गेले की वसुमतीबाई लक्ष्मीदेवींकडं हजर. टिपरी कुणाला फाडते, कुणाला जाळते, इकडं त्यांचं लक्षच नसे. त्या डोळे मिटून बसत. राक्षस मेला की नंदू हसे. कधी एखाद्या भागात राक्षस लवकर मरत नसे, तेव्हा ही सोज्वळ बाई मनातल्या मनात म्हणे, मार की गं त्याला, मार एकदाचं!

घरी आलं की वेगळंच. पुरुषोत्तमराव सह्यांचे कागद पसरून बसलेले असत. "वसू, तूही सही कर," ते म्हणाले. वसुमतीबाईंनी केली. काय सांगणार होत्या? तेवीस वर्षं मिटलेलं तोंड एका कार्टूनसाठी कसं उघडायचं? आणि सांगितलंच, तर ज्या माणसानं नंदूचं नाव घेणंसुद्धा टाकलं, त्याच्या काळजात सुरी फिरवल्यासारखं होईल, असं त्यांना वाटे. मालिकेला नावं ठेवणारा हा माणूस ती कधी नीट ऐकतही नसणार, याची त्यांना खात्री होती. मग त्या देवापुढं बसत आणि नवऱ्याच्या विरुद्ध प्रार्थना करत.

सभा वाढल्या, मोर्चा निघाला, कंपनीच्या दारात पोरांनी टिपरीचं जुनं चित्र धरून घोषणा दिल्या. जाहिराती देणारे बिचकले. तेव्हा कंपनीनं आपला एक माणूस थेट घरी पाठवला. सुशांत नाव, पुण्याचा, पोरगेलासा. त्यानं आल्या आल्या पुरुषोत्तमरावांच्या पायांना हात लावला.

"सर, मी जांभूळबन बघतच मोठा झालोय. खरंच. आम्हाला काँट्रोव्हर्सी नकोय. तुम्ही सांगाल ते एक चेंज आम्ही करू. गन्स काढू, कॉस्च्युम बदलू, तुमचं नाव टाकू. पण सिरीज बंद नका करायला लावू. साठ जणांची टीम आहे."

पुरुषोत्तमराव म्हणाले, "सांगेन ते एक?"

"प्रॉमिस, सर."

"सरी, ठीक आहे. तुमच्या ऑफिसात चला. तिथं बोलू." आणि ते शर्ट बदलायला आत गेले.

वसुमतीबाई कॉफीचे लोटे उचलत होत्या. त्यांना राहवलं नाही. दबक्या आवाजात त्या म्हणाल्या, "ते खारीचं हसणं आहे ना, ते स्वल्पसुद्धा बदलू नका हं. ते फार छान आहे."

सुशांत खुलला. "थँक्यू, काकू! ते ओरिजिनल टेपवरचंच आहे. आमच्या कुठल्याच आर्टिस्टला तसं जमलं नाही. ते कशाला बदलू?"

वसुमतीबाईंचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी पुरुषोत्तमराव परत आले ते दमून गेलेले. पायरीवरच बसले.

"काय झालं?"

"मिटलं."

"बंद होणार?"

"नाही. चालू राहील. तोफा, नख्या, सगळं तसंच. मला हवं होतं ते त्यांनी केलं."

काय हवं होतं, ते वसुमतीबाईंनी विचारलंच नाही. चालू राहील, एवढंच त्यांनी ऐकलं. "बरं केलंत," त्या म्हणाल्या, "फार बरं केलंत," आणि त्यांनी शिरा करायला घेतला. पुरुषोत्तमरावांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले. हिला सगळं कळलं, असं त्यांना वाटलं असावं. दोघांनी समोरासमोर बसून शिरा खाल्ला, दोघंही समाधानी.

गावानं मात्र पुरुषोत्तमरावांना धुऊन काढलं. पैसे घेतले म्हातार्‍यानं, विकला गेला. सुब्बाराव रस्त्यात दिसले तर तोंड फिरवून जात. पुरुषोत्तमराव कुणाला एका शब्दानं उत्तर देत नसत.

आता भीती सरली म्हटल्यावर वसुमतीबाईंना धीर आला. नाक्यावरचा विनोदकुमार लग्नाकार्यांचे व्हिडिओ काढी, त्याच्याकडं रेकॉर्डिंगचं यंत्र होतं. इतके दिवस त्याला काय सांगायचं म्हणून त्या अडल्या होत्या. आता सरळ जाऊन म्हणाल्या, "रविवारचं ते कार्टून टेप करून दे, अण्णा. आमच्या ह्यांचं आहे." त्यानं यंत्र लक्ष्मीदेवींकडं आणून जोडून दिलं. वसुमतीबाई आज नवी साडी नेसून आल्या होत्या. लक्ष्मीदेवी हसल्या, "काय अक्का, फोटो काढायचाय की काय?"

टिपरीनं झाडावरून झेप घेतली. राक्षस कोसळला. तिनं तोंड उघडलं, आणि भलत्याच कुणाचं तरी हसणं बाहेर आलं. नाटकातल्या बाईचं असावं तसं, मोजूनमापून, गुळगुळीत.

"हे काय!" रक्षिता चिडून म्हणाली. "हसायला काय झालं हिला?"

वसुमतीबाईंनी शेवटपर्यंत पाहिलं. आणखी एक राक्षस मेला, पुन्हा तेच. त्या उठल्या आणि घरी आल्या. पुरुषोत्तमराव खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते.

"तुम्ही त्यांच्याकडं काय मागितलंत?"

ते दचकले. "कुठं गेली होतीस?"

"काय मागितलंत?"

"हसणं काढा म्हणालो," पुरुषोत्तमराव सावकाश म्हणाले. "बाकी काय वाटेल ते करा. माणसं मारायची आणि वर माझ्या नंदूला हसायला लावायचं, हे मला नाही सहन होत."

माझ्या नंदूला. तेवीस वर्षांनी ते नाव घरात उच्चारलं गेलं, आणि वसुमतीबाईंना त्याचा आनंद व्हायच्या आधी राग आला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. पानाच्या दुकानात टीव्ही चालू होता."

"आणि मी दर रविवारी तिकडं जाऊन ऐकत होते हो! तेवढंच एक उरलं होतं माझ्याजवळ!"

पुरुषोत्तमरावांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली गेलं. "तूच म्हणाली होतीस," ते म्हणाले. "तिच्या तेराव्यानंतर. शेजारच्या शाळेत जांभूळबन लावलं होतं, आवाज इथपर्यंत आला, आणि तू माझे दोन्ही हात धरून म्हणालीस, हा आवाज पुन्हा माझ्या कानावर पडू देऊ नका, मी मरेन. म्हणून तर घरात टीव्ही आणला नाही. ती मालिका लागायची तेव्हा तुला लालबागेत फिरायला नेत होतो."

वसुमतीबाईंना ते आठवतही नव्हतं. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या एका वेड्यापिशा पोरीनं कधीतरी काही म्हटलं होतं, आणि या माणसानं ते जन्मभर पाळलं होतं. त्याच्यावर रागवावं की त्याच्या पाया पडावं, त्यांना कळेना.

"ती जुनी टेप तरी घरी आणायची," त्या म्हणाल्या.

"हातात घेतली होती. पण घरात आली असती तर तुला कळलं असतं. तिथं ठेवली असती तर उद्या आणखी कुणी वापरली असती. म्हणून समोर उभा राहून पुसून घेतली. पुसायच्या आधी त्यांनी एकदा लावली. पूर्ण. हसणं संपल्यावर पुढं थोडं होतं, मालिकेत कधी घेतलं नव्हतं. मीही विसरलो होतो."

"काय होतं?"

"नंदू विचारते, 'अप्पा, आईला बाहेर ऐकू गेलं का?'"

त्या दिवशी वसुमतीबाई स्टुडिओबाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसल्या होत्या. दार जाडजूड होतं. त्यांना काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं.

"आणि तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"'हो गं, सगळं ऐकलं आईनं,' म्हणालो."

वसुमतीबाई मोठ्यानं रडल्या. इतकी वर्षं ही दोघं एकमेकांना चुकवून रडत आली होती, एक स्वयंपाकघरात तर एक मागच्या अंगणात. आज पुरुषोत्तमराव उठून गेले नाहीत. ते तिथंच बसून राहिले आणि नंदूचं ते वाक्य वसुमतीबाईंना पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आपल्या म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात.